विद्यापीठाच्या माळावर घर घेताना

कोल्हापुरात घर शोधणारा माणूस हल्ली दराच्या आधी एकच प्रश्न विचारतो : ‘इथं पूर येतो का?’ 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेनं शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी अशा भागांत जे काही केलं, ते बघितल्यावर हा प्रश्न कुणाला चुकीचा वाटत नाही. मग एजंट हसून गाडी पूर्वेकडे वळवतो. राजारामपुरी ओलांडली, सायबर चौक आला, की चढ लागतो. तिथून पुढं शिवाजी विद्यापीठाचा माळ. ‘इथं पूर आला तर कोल्हापूरच राहायचं नाही,’ हे वाक्य त्याला पाठ असतं, आणि ते फारसं खोटंही नाही.

विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. तेव्हा हा माळ गावाबाहेर होता. आज साडेआठशे एकरांच्या आवाराला वस्तीनं कडं घातलंय. शहराच्या अंगाला राजारामपुरी, टाकाळा, प्रतिभानगर, सम्राटनगर, जवाहरनगर, सुभाषनगर, राजेंद्रनगर. पलीकडे उजळाईवाडी, सरनोबतवाडी. दक्षिणेला मोरेवाडी, आर. के. नगर, पाचगाव. जाहिरातीत या सगळ्यालाच ‘विद्यापीठ परिसर’ म्हणतात. प्रत्यक्षात यातल्या दोन ठिकाणांमध्ये पाण्याचा, कराचा, परवानगीचा आणि कागदांचा एवढा फरक असू शकतो, की एकच नाव लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूलच.

पण परिसर कुठला, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा : घर राहायला हवंय की भाड्याला? ‘आत्ता भाड्यानं देऊ, रिटायर झाल्यावर राहायला येऊ’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं स्पष्ट मत असं, की विद्यापीठाच्या भागात या दोन वेगवेगळ्या खरेद्या आहेत. भाड्याला चालणारं घर चौकाजवळ, बसथांब्याच्या आणि मेसच्या टप्प्यात लागतं. खोल्या लहान असल्या तरी चालतात, जास्त असाव्यात. राहायचं घर नेमकं याच सगळ्यापासून चार गल्ल्या आत असलेलं बरं. जो दोन्ही एकात साधायला जातो, त्याला भाडं मध्यम मिळतं आणि झोप अर्धीच लागते.

राहणाऱ्यांचं आधी बघू. या भागाला स्वतःचं एक पंचांग आहे. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की रस्ते भरतात, नव्या नंबरप्लेटच्या दुचाकी दिसू लागतात, प्रत्येक विजेच्या खांबावर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ची चिठ्ठी चिकटते. परीक्षेच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांपुढं रांगा. एप्रिलच्या शेवटी सगळं एकदम रिकामं; मे महिन्यात तर सकाळी पोह्यांची गाडीसुद्धा लागत नाही. तेव्हा मे महिन्यात घर बघून ‘किती शांत भाग आहे’ म्हणून टोकन देऊ नका. कॉलेजं सुरू असताना आठवड्यातल्या एखाद्या दिवशी रात्री दहा-साडेदहाला त्या गल्लीतून चालत जा. गाड्या कुठं लागतात, चहाच्या टपरीवर किती जण बसलेत, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर किती दोऱ्यांवर किती कपडे वाळताहेत, हे बघा. गच्चीवर वाळणारे कपडे बघून इमारतीत कुटुंबं किती आणि कॉट किती, याचा बिनचूक अंदाज येतो.

विद्यार्थी शेजारी असणं ही काही तक्रारीची गोष्ट नव्हे, हेही सांगतो. सांगली, सातारा, कोकणातून आलेली, बरीचशी शेतकरी घरातली मुलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी तर दिवसदिवस आवाज काढत नाहीत. त्यांच्यामुळं या भागात रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर वर्दळ असते, दुकानं उघडी असतात, रिक्षा मिळते, बाई-माणसाला एकटीनं घरी परतायला धास्ती वाटत नाही. त्रास होतो तो पार्किंगचा आणि पाण्याचा. सहा फ्लॅटच्या इमारतीत दोन फ्लॅट कॉट बेसिसवर गेले, की खालच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही आणि गच्चीवरची टाकी सकाळी आठलाच तळ गाठते. म्हणून फ्लॅट बघताना हॉलच्या टाइल्सपेक्षा टाकी बघा : किती लिटरची, सगळ्यांना मिळून एक की प्रत्येकाची वेगळी, बोअर आहे का आणि त्याला मे महिन्यात पाणी असतं का. शेवटचं उत्तर मालकाकडून घेऊ नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.

पाण्यावर जरा थांबतो, कारण माळावरच्या घराचं दुखणं तेच. पूर इथवर येत नाही, पण पुराचा फटका येतो. 2019 ला नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि खालचं शहर पाण्यात असताना नळ मात्र कोरडे पडले. त्यानंतर काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आणण्याची, कितीतरी वर्षं गाजलेली योजना 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एकदाची शहरात पोचली. पण पाइपलाइन शहरापर्यंत येणं वेगळं आणि पाणी तुमच्या चौथ्या मजल्यावर येणं वेगळं. उंचावरच्या आणि वितरणाच्या टोकाला असलेल्या गल्ल्यांत दाब कमी पडतो. पाणी किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ येतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे चार प्रश्न त्याच गल्लीत तीन घरी विचारा. हद्दीबाहेर गेलात तर पाणी ग्रामपंचायतीचं की प्रादेशिक योजनेचं, की नुसतंच बोअरचं, तेही विचारावं लागेल.

‘हद्दीबाहेर’ हा शब्द कोल्हापुरात फार महत्त्वाचा. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द मात्र पुढं अनेक दशकं तीच राहिली. शहर वाढलं ते गावांच्या अंगावर. हद्दवाढ करा म्हणून शहर भांडतं आणि करू नका म्हणून गावं भांडतात. यात तुमचं मत काहीही असो, घेणाऱ्याच्या दृष्टीनं अर्थ एवढाच, की रस्त्याच्या या बाजूचा फ्लॅट महापालिकेत आणि समोरचा ग्रामपंचायतीत असू शकतो. घरफाळा वेगळा, कचऱ्याची गाडी वेगळी, ड्रेनेज असेल किंवा नसेल. बाहेरच्या बाजूला दर कमी असतो याचं कारण बरेचदा हेच असतं. उद्या हद्दवाढ होईल आणि भाव चढतील, या भरवशावर आज ज्यादा पैसे मोजू नका. ती ‘उद्या’ ऐकत इथं एक पिढी म्हातारी झाली. इमारतीला सांडपाण्याची सेप्टिक टाकी आहे की ड्रेनेजची जोडणी, हे आवर्जून बघा. ओव्हरफ्लो झालेली सेप्टिक टाकी पावसाळ्यात सगळ्या अपार्टमेंटला एकत्र आणते.

2017 साली शहराभोवतालच्या 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. या गावांतल्या प्लॉटवर बांधकाम झालं असेल तर परवानगी कुणाची, हे कागदावर बघायला मागा. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे साहेब’ एवढ्यावर मान डोलावू नका; त्या तारखेला तो अधिकार ग्रामपंचायतीला होता का, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून कुणी ‘हीच मालकी’ म्हणाला, तर तो फक्त कर आकारणीचा उतारा आहे, एवढं लक्षात असू द्या. उजळाईवाडीकडं विमानतळ आहे, त्यामुळं त्या बाजूला इमारतीच्या उंचीवर बंधनं येतात. वरचा मजला नंतर चढवलेला असेल तर त्याची मंजुरी वेगळी मागा.

आता सातबारा. प्लॉट घेणाऱ्यानं तो स्वतः उघडून वाचावा. ऑनलाइन डिजिटल सहीचा मिळतो, चावडीत हेलपाटे घालायची गरज नाही. बहुतेक जण डाव्या बाजूचं मालकाचं नाव वाचतात आणि खूश होतात. खरी गंमत ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. तिथं सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, बहिणींचे हक्क असतात, विहिरीतला हिस्सा असतो, रस्त्याची वहिवाट असते. वर ‘भोगवटादार वर्ग 2’ असं लिहिलेलं असेल तर थांबा : अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आणखी एक खास भानगड म्हणजे देवस्थान इनाम. इथल्या संस्थानी काळापासून देवळांच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनी ठिकठिकाणी आहेत, त्यातल्या पुष्कळशा पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. कसणारं कुटुंब तीन-चार पिढ्या तिथं असतं, गावात कुणालाही विचारा, ‘जमीन त्यांचीच’ असंच सांगतील. पण ती विकायचा त्यांना अधिकार नसतो. सातबाऱ्यावर ‘देवस्थान’ किंवा ‘इनाम वर्ग 3’ दिसलं, की चहा प्या आणि घरी या.

गुंठ्यागुंठ्यानं विकलेले प्लॉट हा पाचगाव-मोरेवाडीपासून थेट महामार्गापर्यंतचा जुना व्यवहार. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. मध्यमवर्गाला परवडणारा नेमका आकार. बिनशेती नसलेल्या शेतजमिनीचे असे तुकडे पाडून शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून विकले गेले. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी काही जुन्या प्लॉटांना नियमित होण्याची वाट दिली, तुकडेबंदीचे नियमही अलीकडे सैल होत आहेत. मात्र ‘नियमित होऊ शकतं’ आणि ‘नियमित झालंय’ यात लाखो रुपयांचं अंतर आहे. विकणाऱ्याकडं नियमितीकरणाचा दाखला आणि मंजूर नकाशा असेल तरच तो नियमित प्लॉट. नसेल तर तो ज्याचा त्याला लखलाभ. बँकेचं कर्जही त्यावर सहजासहजी मिळत नाही, यातच सगळं आलं. आणि बिनशेती नसलेली शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात मुळात तुम्ही शेतकरी असावं लागतं.

शहरातल्या जागेला सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड असतं. त्याशिवाय नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. शाळा, बाग, रस्तारुंदी यांचं आरक्षण जागेवर पडलंय का, ते त्यातच कळतं. विद्यापीठाच्या रस्त्यांना वाहतूक वाढत चालली आहे, तेव्हा रस्त्याला लागून असलेल्या जुन्या बंगल्याचं अंगण नकाशात अंगणच आहे ना, एवढं तरी बघा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यावा. वकील तुमचा असावा, बिल्डरनं सुचवलेला नको. ‘या प्रोजेक्टला अमुक बँकेनं कर्ज मंजूर केलंय’ हे ऐकून वकिलाची फी वाचवणारे शिकलेसवरलेले लोक मी बघितलेत. बँक आपल्या कर्जापुरती काळजी करते. तुमच्या मालकीची काळजी तुम्हालाच.

नवीन फ्लॅट असेल तर महारेराची नोंदणी बघा. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅटही आठापेक्षा जास्त, असं असेल तर नोंदणी सक्तीची. या भागातल्या अनेक छोट्या इमारती सहा-आठ फ्लॅटच्या, लहान प्लॉटवरच्या. त्या या कक्षेबाहेर राहतात. म्हणून त्या वाईट ठरत नाहीत, पण तिथं तुमच्यामागं महारेराचं बळ नाही, हे ओळखून कागद दुप्पट काळजीनं बघा. महारेराच्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्यानं दुरुस्त करून द्यायचा असतो. जुना फ्लॅट घेताना भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का ते विचारा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षं सुखानं राहतात, ते खरं. पण विकायची वेळ आली की तो कागद सगळ्यांना आठवतो.

पैशांचा हिशेब करताना लोक किंमत धरतात आणि बाकीचं विसरतात. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर पाच. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी पाच टक्के. 45 लाखांपर्यंतचा आणि 90 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचा फ्लॅट असेल तर एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, हे निवृत्त शिक्षक-प्राध्यापकांनाही माहीत नसतं. व्यवहाराचा काही भाग रोखीत मागितला जातोच. देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोकड घेणं कायद्यानं अडचणीचं आहे, आणि कागदावर न आलेला पैसा वाद झाल्यावर तुमचा राहत नाही.

भाड्यासाठी घेणाऱ्यांनी आता कान द्यावेत. समजा, 50 लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना 12 हजार भाडं ठरलं. उन्हाळ्याचे दोन महिने रिकामे गेले तर वर्षाला एक लाख वीस हजार. त्यातून घरफाळा, मेंटेनन्स, रंग, दरवर्षी तुटणारे नळ आणि पंखे काढा. लाखभर उरले तरी मिळवलं. म्हणजे दोन टक्के. कर्ज काढून हा धंदा करणं म्हणजे भाडेकरूऐवजी आपणच बँकेला भाडं भरणं. कॉट बेसिसनं उत्पन्न वाढतं हे खरं, पण तो व्यवसाय आहे. मुलांच्या आधारकार्डांच्या प्रती, पोलिसांत माहिती, सफाईची बाई, मेसची सोय आणि रात्री अकराला येणारे ‘काका, गीझर चालेना’ हे फोन घ्यायची तयारी असेल तरच त्यात पडावं. पुण्या-मुंबईत बसून ते जमत नाही. इमारतीतल्या लोकांचा कॉट बेसिसला विरोध आहे का, तसा ठराव झालाय का, हेही आधी वाचून घ्या. भाड्यानं दिलेल्या मिळकतीला घरफाळा वेगळा लागतो का, ते घरफाळा विभागात जाऊनच विचारा. सोसायटी असेल तर मालक राहत नसल्याबद्दलचं शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

करार अकरा महिन्यांचाच असला तरी नोंदवावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ ही समजूत आपल्याकडं इतकी घट्ट, की स्टँपवेंडरसुद्धा ती बिनदिक्कत सांगतो. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. ऑनलाइन नोंदणी होते, खर्च फार नाही.

विद्यार्थ्यांवरच सगळा भरवसा ठेवण्यात आणखी एक धोका आहे. एके काळी दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलाला पदव्युत्तर शिक्षणासाठी हाच माळ चढावा लागे. 2004 मध्ये सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं, अतिग्रेला खासगी विद्यापीठ आलं, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांचं समूह विद्यापीठ झालं. मुलं वाटली गेली. उलट दुसऱ्या बाजूनं, 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि त्याच्या कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा ठरली. राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच. शेंडा पार्क विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे वकील, डॉक्टर, पक्षकार, नातेवाईक यांची नवी गर्दी येणार. जाहिरातदारांनी अर्थातच फ्लॅटचा दर इमारतीचा पाया खणण्याआधीच वाढवला. माझ्या मते या भागात पुढं मागणी राहील ती कुटुंबानं राहण्याजोग्या, पार्किंग असलेल्या दोन बेडरूमच्या घरांना. एका खोलीत चार कॉट घातलेल्या जुन्या फ्लॅटचे दिवस हळूहळू भरत आलेत. पण हा माझा अंदाज. यावर कर्ज काढू नका.

व्यवहार झाला, दस्त नोंदवला, पेढे वाटले, की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं. मग प्रॉपर्टी कार्डावर जुन्या मालकाचं नाव दहा वर्षं तसंच राहतं, आणि तो वारला की वारसांच्या सह्यांसाठी इचलकरंजी, बेळगाव, पुणे असं फिरावं लागतं. खरेदीनंतर महिन्याभरात चार ठिकाणी नाव लावा : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरफाळा, महावितरणचं मीटर आणि पाण्याचं कनेक्शन. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ते उलटले, की नोंद मंजूर झाल्याचा उतारा स्वतः काढून बघा, नावातलं ‘ळ’ आणि ‘ल’ नीट आहे ना, तेवढंही बघा. विकणाऱ्याकडून आधीच्या घरफाळ्याच्या आणि विजेच्या थकबाकी नसल्याच्या पावत्या मात्र दस्ताच्या आधी घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.